क्लो द वूजो
क्लो द वूजो हा पूर्व फ्रान्समधील बरगंडी प्रदेशातला, दगडी भिंतीने वेढलेला सुमारे ५० हेक्टरांचा द्राक्षमळा आहे. फ्रेंचमध्ये ‘क्लो’ म्हणजेच कुंपणाची जमीन. येथे पिनो न्वार जातीच्या काळ्या द्राक्षांपासून लाल वाइन तयार होते.

सितो येथील सिस्टर्शियन मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून हा मळा जोपासला. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता सरकारजमा होऊन विकली गेली. तरीही मळा १८८९ पर्यंत अखंड राहिला. त्या वर्षी तो व्यापाऱ्यांनी वाटून घेतला. पुढे खरेदी-विक्री आणि वारसांतील वाटण्या होत होत आज त्याचे सुमारे ८० मालक झाले आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी येतात.

मळ्याची जमीन एकसारखी नाही. वरचा उतार चुनखडीचा, पाण्याचा चांगला निचरा होणारा. खाली रस्त्यालगतची चिकणमाती मात्र पावसाळी वर्षात ओल धरून ठेवते. असे असूनही १९३७ मध्ये संपूर्ण मळ्याला ‘ग्रां क्र्यू’ हा सर्वोच्च दर्जा सरसकट मिळाला. खालच्या पट्ट्यापुरते हे औदार्यच म्हणावे लागेल. त्यामुळे बाटलीवरील मळ्याच्या नावापेक्षा उत्पादकाचे नाव अधिक महत्त्वाचे ठरते. मेओ-कामुझे यांचा वाटा मठाच्या जुन्या वाड्याखालच्या उतारावर आहे. शातो द ला तूर हा सर्वांत मोठा हिस्सेदार असून भिंतीच्या आत वाइन तयार करणारा तो एकमेव उत्पादक होय. मठाच्या वाड्यात आता वाइन होत नाही. द्राक्षे पिळण्याची साधूंच्या काळातील अवाढव्य लाकडी यंत्रे तेथे पाहायला मिळतात.