ओळख पटवणे आणि ओळख देणे

ओळख पटवणे वेगळे आणि ओळख देणे वेगळे. चोराची ओळख पटवतात, बेवारस प्रेताची पटवतात. ओळख देतो तो मात्र माणूस माणसाला. 'समोरून गेला, पण ओळख दिली नाही' असे म्हणताना त्याने पाहिले नाही अशी तक्रार नसते. पाहिले आणि तरी आपल्याला मोजले नाही, हे लागलेले असते. मुंबईतल्या ट्रॉम्बेचा 1976 सालचा इतिहास या दोन शब्दप्रयोगांच्या मधल्या अंतरात घडला आहे. त्या एका वर्षात सरकारने शहराच्या झोपडपट्ट्यांतल्या माणसांचे चेहरे कागदावर उतरवून घेतले, आणि चारच महिन्यांनी ट्रॉम्बेतली एक अख्खी वस्ती उठवली.

आधी कागदाचे पाहू. 4 जानेवारी 1976, रविवार. त्या दिवशीच्या गणनेत शहरातल्या 1,680 वस्त्यांमधली 28 लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. झोपड्यांवर क्रमांक पडले आणि नोंद झालेल्या कुटुंबप्रमुखांना ओळखपत्रे मिळाली. वस्तीच्या बोलीत त्याचे नाव फोटोपास: झोपडीचा नंबर, कर्त्याचे नाव आणि चिकटवलेला फोटो. तोवर दफ्तरात ज्याची नोंद फक्त 'अतिक्रमण' अशी होती, त्याला सरकारी कागदावर पहिल्यांदाच डोळे, नाक, कपाळ मिळाले. ही गोष्ट लहान नव्हती. रेशनकार्डाइतकाच जीव लोकांनी या पासाला लावला. पण त्या फोटोकडे पाहणारा नेहमी टेबलापलीकडे असे. पासवाल्याला त्याच्याकडे पाहता येत नव्हते, त्याला काही विचारताही येत नव्हते.

आता वस्तीचे. शहराच्या इतर भागांतून हटवलेल्या लोकांना महापालिकेने ट्रॉम्बेत ज्या जागी आणून ठेवले, तिथे जनता कॉलनी उभी राहिली. म्हणजे तिथली माणसे आपणहून घुसलेली नव्हती, एकदा उठवून बसवलेली होती. शेजारी 1954 मध्ये अणुऊर्जा आस्थापना आली, 1956 मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, 1967 मध्ये आस्थापनेला अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे नाव मिळाले. या अणुकेंद्राला वस्तीची जागा हवी होती. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातून 1963 मध्ये मुंबईत आलेला जॉकिन अर्पुथम हा तरुण या वस्तीचा पुढारी झाला. त्याने मोर्चे काढले, वस्तीचे म्हणणे दिल्लीपर्यंत नेले. या धडपडीचा गाभा मला एकच दिसतो: निर्णय घेणाऱ्याने आपल्यासमोर यावे आणि आपल्या तोंडावर बोलावे. मे 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, सुमारे 70 हजार माणसांना तिथून हलवून खाडीकाठच्या दलदलीत, चिता कॅम्पात नेण्यात आले. लिथुआनियात जन्मलेला फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास याने 1961 च्या ग्रंथात मांडले की दुसऱ्याचा उघडा चेहरा समोर आला की त्याच्याविषयीची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. त्याच्या मांडणीतला एकच शब्द ट्रॉम्बेपुरता अधोरेखित करावा लागतो: समोर. दफ्तरात लावलेला चेहरा कुणावर जबाबदारी टाकत नाही.

यावर कुणी म्हणेल, अणुकेंद्राशेजारी दाट वस्ती नको हे रास्तच होते. असेल. जागेची गरज खरी असू शकते. पण गरज खरी असली म्हणून ज्याला उठवायचे त्याच्याशी बोलायचे नाही, हे त्यातून निघत नाही. आणि आधीच एकदा हटवलेल्या माणसाच्या बाबतीत तर ते देणे दुप्पट होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कायद्याने चेहरे पाहू नयेत, पाहिले की वशिला आला, जात आली, भाषा आली. हे मला मान्य आहे. निकाल देताना चेहरा बाजूला ठेवावाच. पण ऐकताना तो बाजूला ठेवला तर निकाल कुणाबद्दल आहे हेच हरवते.

हाच मुद्दा 10 जुलै 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात मान्य केला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. हटवण्याआधी माणसाचे म्हणणे ऐकून घेणे हे त्याला वस्तू नव्हे तर व्यक्ती मानण्याचाच भाग आहे, असेही सांगितले. तरीही पदपथावरच्यांना हटवण्याला न्यायालयाने परवानगी दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला लावले. मात्र 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही बजावले. ओळख पटवण्यासाठी काढलेला कागद नऊ वर्षांनी आधार झाला, हे त्या कागदाच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने पदपथावरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना करून अहवाल काढला. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'आम्ही, न दिसणारे'. रोज हजारो लोकांच्या पायांशी, उघड्यावर राहणाऱ्या माणसांबद्दलचा तो अहवाल होता.

अर्पुथम यांना 2000 मध्ये मॅगसेसे आणि 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. दरम्यान पर्यायी जागेसाठीच्या पात्रतेची तारीख 1976 वरून 1 जानेवारी 1995 वर आणि मग 1 जानेवारी 2000 वर सरकली. जुने फोटोपास मात्र घरोघरी प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जपलेले असतात. पडताळणीच्या दिवशी ते बाहेर निघतात. फोटोतला माणूस तिशीतला असतो, आणि त्याचा मुलगा किंवा नातू खिडकीपुढे उभा राहून सांगत असतो की हे आमचे.