डॉक्टरच्या खालची पायरी : दीडशे वर्षांचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. नीटमध्ये सरकारी एमबीबीएसपुरते मार्क नाहीत, खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही, मग मुलीला घालायचे कुठे? बीयूएमएस, बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग ही नेहमीची उत्तरे. त्यांत अलीकडे एका नावाची भर पडली आहे, फिजिशियन असोसिएट. कोकणी मुस्लिमांचे नातेवाईक इंग्लंडमध्ये आहेत, हे नाव बऱ्याचदा तिकडूनच कानावर येते. तिथे विज्ञानाच्या पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा कोर्स आहे. तो केला की डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासायचा, त्याची हकीकत लिहून घ्यायची, निदानाला आणि उपचाराला हातभार लावायचा.

या कामाची आधुनिक सुरुवात अमेरिकेतली. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चार माजी सैनिकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. भारतात १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये असा अभ्यासक्रम आला आणि २०२१ च्या आरोग्य व्यवसायविषयक केंद्रीय कायद्याने या पेशाला नाव मिळाले. पण नाव नवे असले तरी ही जागा आपल्याकडे फार जुनी आहे.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे बाहेर पडणारे डॉक्टर मोजकेच. तालुक्याच्या दवाखान्यांना माणसे पुरवायची तर दुसरी वाट काढणे भाग होते. म्हणून १८६१ साली तिथेच मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. आज मराठीतून किंवा उर्दूतून विज्ञान शिकवायचे म्हटले की लोक हसतात. पण शरीररचना आणि औषधशास्त्र त्या काळी मराठीत शिकवले गेले होते, हे भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला विसरता येत नाही. पुढे पुण्यात १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल उभे राहिले. या शाळांमधून तयार होणारा माणूस म्हणजे ‘हॉस्पिटल असिस्टंट’, नंतरच्या काळातला ‘सब-असिस्टंट सर्जन’. लहान गावातला दवाखाना तोच चालवी. ताप तोच पाही, जखम तोच शिवी. पण पगार आणि दर्जा मात्र मदतनिसाचा, आणि वर सिव्हिल सर्जन.

१९१२ साली मुंबईत दोन गोष्टी झाल्या. कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले आणि त्याची एलसीपीएस ही सनद सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई मेडिकल कायदा झाला. सरकारी नोंदवहीत कोणाचे नाव असणार हे आता ठरले. एलसीपीएसवाला आत आला, वैद्य आणि हकीम बाहेर राहिले. त्याविरुद्ध दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी वैद्य आणि हकीम दोघांना एका परिषदेत आणले. मुंबई प्रांतात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. देशात तेव्हा सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० असे सनदवाले म्हणजे लायसेन्शिएट होते. तरीही समितीने सांगितले की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, पदवीधरच असावा. हेतू वाईट नव्हता. शहराला पक्का डॉक्टर आणि खेड्याला कच्चा, ही विभागणी कोणाला पटेल? काही सदस्यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. माणसे इतकी कमी असताना ही वाट बंद करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे ऐकले गेले नाही. मेडिकल स्कूल बंद झाली किंवा कॉलेज बनली. पुण्याचे बी. जे. १९४६ सालीच कॉलेज झाले. पायरी काढून टाकली, पण पदवीधर डॉक्टर काही पेणच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर जाऊन राहिला नाही.

रिकामी जागा मग ज्याने त्याने आपापल्या परीने भरली. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या मांडवा भागात, डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. क्षयरोगी आणि कुष्ठरोगी शोधून त्यांना औषधावर टिकवणे त्यांना जमते, हे तिथे दिसले.

सरकार या पायरीकडे परत वळले ते २०१८ नंतर. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. महाराष्ट्रात बीएएमएस, बीयूएमएस आणि नर्सिंग पदवीधरांना सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण देऊन ही पदे भरली गेली. मुंबई, पुणे, मालेगावच्या तिब्बिया कॉलेजांतून शिकलेल्यांनाही त्यामुळे सरकारी उपकेंद्राचे दार उघडले. बीपी, शुगर, गरोदर बाईची तपासणी, ठरलेली औषधे, गंभीर रुग्ण वेळेवर पुढे पाठवणे, हे त्यांचे काम. पण नेमणूक कंत्राटी, मोबदल्याचा एक भाग कामाच्या आकड्यांवर. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यात अशा लोकांना मर्यादित परवाना देण्याचे कलम आले, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला होता.

इंग्लंडमध्येही हाच तंटा आहे. डिसेंबर २०२४ पासून तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने फिजिशियन असोसिएटची नोंदणी सुरू केली. जुलै २०२५ मध्ये लेंग अहवाल आला. त्याने सांगितले की ‘असोसिएट’ऐवजी ‘असिस्टंट’ म्हणा, निदान न झालेला रुग्ण थेट त्यांच्यापुढे बसवू नका आणि समोरचा माणूस डॉक्टर नाही हे रुग्णाला स्पष्ट कळू द्या. पण त्याच अहवालाने हे पद रद्द करा असे म्हटले नाही, उलट अनुभवी लोकांना वर चढायला वाट ठेवा असे सुचवले.

दीडशे वर्षांत आपण या माणसाला कधी मदतनीस म्हटले, कधी डॉक्टर म्हणून वहीत घेतले, कधी गरजच नाही असे ठरवले. त्याची गरज मात्र एक दिवसही संपली नाही. त्याच्या कामाची हद्द कुठपर्यंत, चूक झाली तर जबाबदार कोण आणि दहा वर्षांनी तो कुठे असेल, या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र कधी दिली गेली नाहीत. मुलीला या वाटेने पाठवणाऱ्या आईबापांनी फी विचारण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत. आणि उपकेंद्राच्या बाकावर बसलेल्या रुग्णालाही, समोर कोण बसले आहे, हे विचारायचा तितकाच हक्क आहे.