केडगावचा अभिषेक

'अभिषेक' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभी राहते ती शिवालयातील पिंडीवरची गळती; आणि इतिहासाची गोडी असल्यास त्यामागोमाग शके 1596 च्या ज्येष्ठातील रायगड. दोन्ही ठिकाणी धार मुख्यतः पाण्याची, आणि ती ज्याच्या मस्तकी पडते तो एक तर देव, नाही तर राजा. आपले ख्रिस्ती बांधव हाच शब्द आपल्या प्रार्थनेत वारंवार वापरतात. परंतु त्या वेळी त्यांच्या मनात कोणते चित्र असते, ह्याचा विचार इतर मराठी मंडळींनी फारसा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वस्तुतः त्या धर्माचे नावच ह्या शब्दावर उभे आहे. 'ख्रिस्त' हे मुळात विशेषनाम नव्हे. ते एक ग्रीक विशेषण असून त्याचा अर्थ 'माखलेला', 'अभिषिक्त' असा आहे. इब्री भाषेतील 'मशीहा' ह्या शब्दाचे ते भाषांतर होय.

इब्री लोकांचा अभिषेक मात्र तेलाचा. जुन्या करारातील निर्गमाच्या पुस्तकात ह्या तेलाची कृतीच दिलेली आहे: गंधरस पाचशे शेकेल, दालचिनी अडीचशे, एका सुगंधी वनस्पतीची कांडे अडीचशे, तज पाचशे, आणि ह्या सर्वांस एक हिन जैतुनाचे तेल. हे तेल याजकांसाठी. सामान्य मनुष्याच्या अंगावर ते ओतू नये आणि त्यासारखे दुसरे कोणी करू नये, अशी सक्त ताकीदही तेथेच आहे. मराठी भाषांतरकारांपुढे ह्यामुळे मोठा प्रश्न पडला असला पाहिजे. राजाच्या आणि आत्म्याच्या संबंधात त्यांनी 'अभिषेक' हा शब्द घेतला. पण तेविसाव्या स्तोत्रात, जेथे मेंढपाळ देव आपल्या भक्ताच्या डोक्याला तेल लावतो, तेथे 'अभ्यंग' हा शब्द योजिला. आम्हांस ही योजना फार मार्मिक वाटते. एका शब्दाने गाभाऱ्याचे दार उघडते, तर दुसऱ्याने नरकचतुर्दशीची पहाट, पाट, आणि आईचा हात आठवतो.

ह्या तेलाचा अर्थ इब्री ग्रंथांतच हळूहळू पालटत गेलेला दिसतो. शमुवेल संदेष्ट्याने बेथलेहेमास जाऊन दाविदाच्या मस्तकी तेल ओतले, तेव्हा दावीद घरातला धाकटा, मेंढरे राखणारा पोर होता. राज्य त्याला त्या दिवशी मिळाले नाही. पुढे कित्येक वर्षे त्याला राजाच्या भयाने रानोमाळ लपत फिरावे लागले. म्हणजे अभिषेक हा राज्यारोहणाचा सोहळा नसून आधी सोपविलेला भार होता. यशया ह्या ग्रंथात तर इराणचा बादशहा सायरस ह्यालाच अभिषिक्त म्हटले आहे. पुण्यातील आमच्या पारशी स्नेह्यांस हे वाचून संतोष वाटेल. त्याच्या डोक्यावर कोणी इब्री याजकाने तेल ओतले नव्हते, आणि इब्री लोकांचा धर्मही त्याचा नव्हता. परंतु बाबिलोनात कोंडलेल्या लोकांस त्याने घरी जाऊ दिले. तेव्हाच हा शब्द तेलापासून सुटून कामाला चिकटला. येशूने नासरेथच्या सभास्थानात ह्याच यशयाच्या ग्रंथातील उतारा वाचून दाखविला, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्यातही अभिषेक सांगितला आहे तो दीनांस सुवार्ता आणि बंदिवानांस सुटका देण्यासाठी. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात हा अभिषेक सर्वच विश्वासी जनांस झाल्याचे म्हटले आहे. ज्या तेलाला सामान्यांच्या अंगाचा स्पर्शही निषिद्ध होता, त्याची ही परिणती लहानसहान नव्हे.

ख्रिस्ती मंडळींनी पुढे ह्या अभिषेकाचे काय केले? रोमन पंथाने तेल राखले. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि याजकदीक्षा ह्या प्रसंगी बिशपाने मंत्रिलेले सुगंधी तेल त्या पंथात आजही लावितात. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत 1792 साली पुण्यास उभ्या राहिलेल्या देवळापासून ही चाल ह्या शहरात आहे. उलटपक्षी, एकोणिसाव्या शतकात दख्खनेत आलेल्या अमेरिकन व स्कॉटिश मिशनांनी तेल जवळजवळ टाकूनच दिले. त्यांच्या मराठी शिष्यांकडे शब्द आला, वस्तू आली नाही. अभिषेक म्हणजे पवित्र आत्म्याची प्राप्ती, एवढे प्रश्नोत्तरावलीत पाठ करावयाचे आणि पुढे जावयाचे. ह्या कोरड्या शब्दास महाराष्ट्रात ओलावा आला तो 1905 साली, आणि तोही पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव ह्या खेड्यात.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. 1882 साली त्या पुण्यास आल्या, 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणिले. 1893 सालच्या वादात रानडे व भांडारकर ह्यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, हेही प्रसिद्ध आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. इंग्लंडात असता चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, ह्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा वाँटेजच्या जोगिणींशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी स्पष्ट कळविले की, ब्राह्मण पुरोहितांचे जू मानेवरून महत्प्रयासाने उतरविले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा चढवून घेण्याची आपली इच्छा नाही. मनुष्याच्या मस्तकी हात ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी मनाशी सोडविला होता.

1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली व विधवा केडगावास आणिल्या. 1905 च्या जानेवारीत त्यांनी ह्या मुलींपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांस रोज प्रार्थनेस बोलाविले. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. आसपासच्या खेड्यांत जाऊन सुवार्ता सांगण्यास तीस तरुण मुली पुढे झाल्या, आणि त्या कामासाठी बळ मिळावे म्हणून त्या रोज एकत्र बसू लागल्या. ही गोष्ट विसरू नये. पुढे जे काही घडले ते खेड्याची वाट धरण्यापूर्वीच्या शिदोरीसाठी मागितलेले होते.

29 जूनच्या पहाटे एक मुलगी मोठ्याने प्रार्थना करीत उठली. तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या असे वाटून खोलीवरील बाई पाण्याची बादली आणावयास धावली, आणि ती ओतणार तोच मुलीस आग लागलेली नाही हे तिच्या ध्यानात आले, असे तत्कालीन वृत्तांतात आहे. थोडक्यात, पाण्याचा एक अभिषेक होता होता राहिला! दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर पाठ देत असता सगळी सभाच रडू लागली, पापे कबूल करू लागली. पुढे हे कित्येक महिने चालले. ज्वाळेबद्दल ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मत करावे. रडण्याबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. ज्या मुलींनी आईबाप भुकेने मेलेले पाहिले होते, त्यांना रडावयास तोवर जागा तरी कोठे मिळाली होती?

ह्या मुलींत विधवा होत्या, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्राने विधवेस अभ्यंग निषिद्ध केला आहे. जिचे केस उतरविले, जिच्या डोक्याला सणावारीही तेल लागावयाचे नाही, तिने स्तोत्रातील अभ्यंगाची ओळ वाचली म्हणजे तिच्या कानांत तो शब्द लंडनच्या वाचकाच्या कानांत वाजतो तसा खचित वाजत नसेल. छत्रपतींसारख्या पुरुषासही अभिषेकासाठी काशीकर गागाभट्टांची संमती घ्यावी लागली, आणि तीवरही वाद झाले. केडगावास अनाथ, अंत्यज आणि विधवा एकाच जमिनीवर बसल्या होत्या, व मंत्र सांगण्यास भट नव्हता आणि बिशपही नव्हता.

टीकाकारांचे म्हणणे आम्ही डावलीत नाही. अन्नवस्त्र जेथे मिळते तेथील धर्मही पोरके मूल उचलते, आणि हजारभर मुलींच्या समुदायात एकीचे रडे दुसरीस लागणे स्वाभाविक आहे. ह्या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच उमाळा ओसरल्यावर काय उरले, ह्यावरूनच ह्या प्रकाराची किंमत करावयास हवी. रमाबाईंनीही तशीच केली. काही मुली अनोळखी भाषा बोलू लागल्या, तेव्हा परदेशी पाहुण्यांस त्याचे मोठे अप्रूप वाटले. अमेरिकेत 1906 साली लॉस एंजेलिस येथे असाच उमाळा आला, आणि अनोळखी भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, असे मत तिकडे बळावले. रमाबाईंनी त्या मुलींस गप्प केले नाही; पण ही एकच खूण मानण्यास त्या तयार झाल्या नाहीत, आणि त्यांनी तसे छापून सांगितले. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स ह्यांचे केडगावच्या अनुभवावरील पुस्तक 1906 साली निघाले. ते दक्षिण अमेरिकेत चिली देशात पोहोचले आणि तेथे 1909 साली उठलेल्या चळवळीस त्याची प्रेरणा झाली. दौंड तालुक्यातील एका खेड्याचा शब्द व्हालपराइसोच्या बंदरात ऐकू गेला, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कोठे आढळत नाही.

आज पुण्यातील कित्येक प्रार्थनासभांत 'अभिषेक' हा शब्द पुन्हा जोरात आहे. 1967 नंतर रोमन पंथातही ह्या वळणाची एक चळवळ पसरली आहे. अमुक सेवकावर मोठा अभिषेक आहे, असे म्हणताना आता पुष्कळदा त्याच्या वाणीचे, आजार बरे करण्याच्या सामर्थ्याचे, क्वचित त्याच्या सभेतील गर्दीचे माप घेतले जाते. आम्ही ह्या मंडळींच्या श्रद्धेचे परीक्षक नाही. परंतु सायरस, दावीद आणि केडगावच्या त्या तीस मुली ह्यांच्या पंक्तीस हे माप लावून पाहिल्यास ते तोकडे पडते, इतके इतिहासाच्या आधारे म्हणता येईल. त्यांपैकी कोणाचाही अभिषेक त्यांच्या स्वतःसाठी नव्हता.

रमाबाईंच्या स्वतःच्या वाट्यास जो भार आला तो गर्दीत दिसणारा नव्हता. प्रचलित मराठी बायबलातील भाषा खेड्यातल्या बाईस कळत नाही, आणि तीतील पुष्कळ शब्दांस मूर्तिपूजेचा व वेदान्ताचा वास आहे, असे त्यांचे मत होते. संस्कृताच्या ह्या पंडितेने उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून सबंध ग्रंथ सोप्या मराठीत स्वतः उतरविला. त्यांच्या शब्दयोजनेशी आम्ही सर्वत्र सहमत नाही. सोपेपणाच्या हट्टाने काही ठिकाणी मराठीचा डौल गेला आहे. पण खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही सर्व कामे केडगावच्या छापखान्यात मुलींनीच केली, आणि त्यांत इब्री व ग्रीक खिळेही होते. दुष्काळात उचलून आणिलेल्या मुलीने इब्री अक्षरे उलटी वाचून ओळी बसविल्या. 1921 च्या जुलैत रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. मुद्रिते तपासण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. सबंध ग्रंथ 1924 साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.