ग्राडलॉन : दानपत्रांतील राजा आणि बुडालेली नगरी

ब्रिटनीच्या लोकस्मृतीत कॉर्नुआय प्रांताचा राजा ग्राडलॉन दोन भिन्न रूपांत वावरतो : मठांना भूमी देणारा धर्मशील दाता आणि समुद्राने गिळलेल्या इस नगरीतून घोड्यावर निसटलेला पिता. त्याचा काळ साधारणतः पाचवे-सहावे शतक मानला जातो. समकालीन पुरावा मात्र नाही. ही दोन्ही रूपे एकाच प्राचीन केल्टिक मिथकाचे अवशेष होत, हे एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक दृष्टीचे गृहीत अद्याप पुरते मागे पडलेले नाही. संहितांचा कालक्रम त्याला अनुकूल नाही.

लांदेवेनेकचा मठाधिपती व्रदिस्तेन याने इ. स. ८८०च्या सुमारास संत गेनोले याचे लॅटिन चरित्र लिहिले. त्यात ग्राडलॉन आहे; इस नगरी नाही, राजकन्याही नाही. तेथे राजा संपत्ती देऊ करतो आणि संत ती नाकारतो. ९१३ मध्ये व्हायकिंगांनी हा मठ उद्ध्वस्त केला. पुढे अकराव्या शतकात मठाने आपली दानपत्रे एकत्र केली, तेव्हा त्यांतील अनेक दाने ग्राडलॉनच्या नावावर नोंदली गेली. ही दानपत्रे उत्तरकालीन व बनावट आहेत. चरित्रातील संताने जे नाकारले ते दानपत्रांतील संताने स्वीकारले. या विसंगतीतच दंतकथेचे प्रयोजन उघड होते. जमिनीवरील हक्कासाठी मठाला दूरच्या काळातील, निष्कलंक राजा हवा होता. स्थळमाहात्म्यांच्या अभ्यासकांना हा व्यूह अपरिचित वाटू नये.

नगरी अवतरते ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, पिएर ल बो याच्या इतिहासात. तेथे पाप साऱ्या नगरवासीयांचे आहे. १६३७ मध्ये डॉमिनिकन आल्बेर ल ग्राँ याने प्रसिद्ध केलेल्या संतचरित्रांत मात्र ते राजकन्या दाहूत हिच्यावर केंद्रित होते. या बदलाकडे निव्वळ नीतिबोध म्हणून पाहणे अपुरे ठरेल. संतांचा आश्रयदाता म्हणून राजा निर्दोष ठेवायचा आणि नगरी तर बुडवायची, हा पेच कन्येच्या बळीने सुटतो.

ला विलमार्के याच्या 'बार्झाझ ब्रेइझ' (१८३९) या संग्रहाने ही कथा युरोपभर नेली. १८७२ मध्ये ल्यूझेलने त्यातील गीतांच्या अस्सलपणावर आक्षेप घेतला. दोनात्याँ लोराँ यांनी १९८९ मध्ये ला विलमार्केच्या टिपणवह्यांच्या आधारे त्यामागील प्रत्यक्ष संकलन दाखवून दिले. परंतु संकलन खरे ठरले म्हणून आशय प्राचीन ठरत नाही. ब्रेटन घरांतून संतचरित्रे मोठ्याने वाचली जात. तेव्हा 'मौखिक' कथेच्या पोटात छापील ग्रंथ असणे मुळीच अशक्य नाही. लोकपरंपरेला ग्रंथपूर्व मानण्याचा हट्ट येथे कुचकामी ठरतो.

लोकाचाराने मात्र दाता आणि पिता असा हिशेब ठेवला नाही. कँपेरच्या कॅथीड्रलवर दोन मनोऱ्यांमध्ये ग्राडलॉनचा अश्वारूढ पुतळा होता. संत सेसिलियाच्या दिवशी एकजण त्यावर चढे, राजाला मद्य अर्पण करून स्वतःच पिऊन टाकी, दगडी ओठ पुसी आणि पेला खाली गर्दीत भिरकावी. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी तो पुतळा फोडला. १८५८ मध्ये त्या जागी नवा बसविण्यात आला.