कॉर्डलेस हत्यारातील अंतर्भूत बॅटरीचे सुरक्षित चार्जिंग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन कार्यशाळेत, प्रयोगशाळेत आणि घरातही बॅटरीवर चालणारी छोटी विद्युत हत्यारे आता सर्रास आढळतात. यांपैकी काहींची बॅटरी सुटी करता येते, तर काहींची हत्यारातच कायमची बसविलेली असते. अशा वेळी संपूर्ण हत्यारच चार्जरला जोडावे लागते. त्याविषयी दोन सूचना हमखास केल्या जातात. बॅटरी पूर्ण संपू द्यावी, ही पहिली. आणि मग रात्रभर चार्जिंगला लावावी, ही दुसरी. या सूचना निराधार नाहीत. परंतु त्या एका विशिष्ट काळातील बॅटरीसाठी होत्या. बॅटरीचे रसायन बदलले, सवय मात्र टिकून राहिली. सुरक्षित चार्जिंगचे नियम सार्वकालिक नसून त्या त्या रसायनाशी बांधलेले असतात, हे प्रस्तुत लेखात ऐतिहासिक क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

निकेल-कॅडमियमचा कालखंड :

स्वीडनचे वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. १९४७ मध्ये गेओर्ग नॉयमान यांना तो पूर्णपणे बंदिस्त करण्यात यश आले. चार्जिंगच्या अखेरीस धन विद्युतअग्रावर निर्माण होणारा ऑक्सिजन घटातच ऋण विद्युतअग्राकडून शोषला जाईल, अशी ही योजना होती. त्यामुळे द्रव सांडण्याची वा पाणी भरत राहण्याची अडचण दूर झाली आणि असा घट हातातल्या हत्यारात बसविणे शक्य झाले. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणले. पुढे अपोलो मोहिमांतील चांद्रभूमीवरील ड्रिलच्या विकासातही या कंपनीचा सहभाग होता. त्याच कंपनीचा ‘डस्टबस्टर’ हा हातातील निर्वात झाडू १९७९ मध्ये आला. त्याची बॅटरी अंतर्भूत होती आणि काम नसताना तो भिंतीवरील चार्जरवरच टांगून ठेवला जाई.

या पिढीतील साधे चार्जर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, एवढेच असे. बॅटरी भरली हे त्यांना कळत नसे. १.२ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीस १२० मिलिअँपिअर, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश प्रवाह दिला, तर ऱ्हास धरून ती भरण्यास १४ ते १६ तास लागत. ‘रात्रभर लावा’ या सूचनेचे मूळ येथे आहे. थोडे अधिक चार्जिंग झाले तरी वरील ऑक्सिजन-शोषणामुळे जादा ऊर्जेचे सौम्य उष्णतेत रूपांतर होई. ‘पूर्ण संपू द्या’ ही सूचना ‘स्मृतिपरिणाम’ टाळण्यासाठी होती. अर्धवट वापरून वारंवार चार्ज केल्यास बॅटरी तेवढेच काम देते, अशी ती समजूत. थोडक्यात, या काळात सुरक्षिततेची जबाबदारी वापरणाऱ्याच्या घड्याळावर होती आणि घटाचे रसायन त्याची चूक काही प्रमाणात सोसत होते.

लिथियम-आयनचे आगमन :

स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून लिथियम-आयन बॅटरी साकारली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हत्यारांच्या क्षेत्रात २००३ मध्ये आलेला बॉश कंपनीचा ‘इक्सो’ हा ३.६ व्होल्टचा स्क्रू-ड्रायव्हर या तंत्राचा आरंभबिंदू मानला जातो. त्याची बॅटरी अंतर्भूतच होती.

या रसायनात चूक सोसण्याची ती सोय नाही. प्रचलित प्रकारच्या घटाचा विद्युतदाब सुमारे ४.२ व्होल्टच्या वर गेल्यास ऋण विद्युतअग्रावर धातुरूप लिथियम साचते, आतील द्रावण विघटित होते आणि आग लागू शकते. म्हणून चार्जर प्रथम स्थिर प्रवाह, नंतर स्थिर दाब देतो आणि प्रवाह अगदी कमी झाल्यावर थांबतो. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यासही लिथियम साचते. उलट, घट अतिशय रिकामा झाल्यास आतील तांबे विरघळू लागते. असा घट पुन्हा चार्ज करणे धोक्याचे ठरते. म्हणजेच जुन्या दोन्ही सूचना येथे उलटतात.

व्यवहारातील अर्थ :

घड्याळाची जबाबदारी आता हत्यारातील संरक्षक मंडल आणि चार्जर यांच्याकडे गेली आहे. परंतु हे मंडल विशिष्ट चार्जर गृहीत धरूनच रचलेले असते. म्हणून पिन बसते एवढ्यावरून दुसरा चार्जर वापरू नये. हत्यारावरील लेबल वाचून बॅटरीचा प्रकार व विद्युतदाब आधी पाहावा. काम संपताच गरम हत्यार चार्जिंगला न लावता ते निवू द्यावे. चार्जिंग कठीण, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, भुसा व कागदांपासून दूर आणि कोणी उपस्थित असताना करावे. कार्यशाळेला कुलूप लावून रात्रभर ते चालू ठेवू नये. दीर्घ सुटीपूर्वी हत्यार रिकामे न ठेवता सुमारे अर्धे चार्ज करून ठेवावे. कवच फुगले, वास आला किंवा हत्यार जोरात आपटले असेल, तर त्याचे चार्जिंग कायमचे बंद करावे.

अंतर्भूत बॅटरीची एक मर्यादा येथे ध्यानात घ्यावी लागते. सुटी बॅटरी बिघडल्यास ती बाजूला ठेवता येते. अंतर्भूत बॅटरी बिघडल्यास सहसा संपूर्ण हत्यारच निकालात निघते. म्हणूनच सदोष हत्यार वापरत राहण्याचा मोह अधिक असतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीने, काही अपवाद वगळता, उपकरणातील छोटी बॅटरी वापरणाऱ्यास काढता यावी अशी अट १८ फेब्रुवारी २०२७ पासून घातली. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या उत्पादकाच्या जबाबदारीच्या कक्षेत आणल्या. त्यामुळे असे हत्यार भंगारात न टाकता अधिकृत संकलनाकडेच द्यावे.

निष्कर्ष :

निकेल-कॅडमियमच्या काळातील चार्जिंगची शिस्त त्या काळी शहाणपणाची होती. लिथियम-आयनच्या काळात तीच अपघाताचे कारण ठरू शकते. कार्यशाळेत दोन्ही पिढ्यांची हत्यारे एकाच कपाटात असतात. म्हणून विद्यार्थ्यांना केवळ नियम सांगून भागत नाही. तो नियम कोणत्या बॅटरीसाठी व का निर्माण झाला, हेही शिक्षकाने सांगणे आवश्यक आहे.