‘तुंबाड’चा वाडा : मराठी मातीतले गॉथिक

ओसाड वाडा, मुसळधार पाऊस आणि घराण्याला भोवणारा शाप हे भयपटांचे ठरलेले साहित्य. पाश्चात्त्य साहित्यात याची परंपरा ‘गॉथिक’ या नावाने ओळखली जाते. होरेस वॉल्पोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ (१७६४) ही तिची आद्य कादंबरी मानतात. या चौकटीला खऱ्या अर्थाने मराठी रूप दिले ते १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ने. भाषा हिंदी असली तरी चित्रपटाचे घर-दार, आचार आणि भीती मराठीच आहे.

दिग्दर्शक राही बर्वे हे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. भयकथाकार नारायण धारप यांची एक कथा मित्राकडून ऐकल्यावर या चित्रपटाचे बीज त्यांच्या मनात पडले. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत उलगडते. सासवडचा पुरंदरे वाडा येथे तुंबाडचा वाडा झाला. पंकजकुमार यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला पाऊस केवळ वातावरणनिर्मितीसाठी नाही. हस्तरची पूजा केल्याबद्दल गावावर कोसळलेला तो देवांचा कोप आहे.

साखळीने जखडलेली म्हातारी पाहून ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेली स्त्री आठवते. मात्र तिथे वेड लपवायचे असते, तर इथे ही म्हातारी गुप्तधनाची वाट जाणते. मरण नाकारले गेलेल्या तिच्या देहातून पुढे झाड उगवते.

खरा फरक वारसाच्या वृत्तीत आहे. गॉथिक कथांमधील माणसे बहुधा शापित वास्तूतून सुटू पाहतात. ‘तुंबाड’चा विनायक मात्र पुण्याहून पुनःपुन्हा तिथे परततो. भुकेल्या हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकायची आणि त्याच्या लंगोटातील मोहरा पळवायच्या, हा त्याचा जणू व्यवसाय. पुढे तो मुलालाही त्याचे धडे देतो. शाप रक्तातून नव्हे, शिकवणुकीतून पुढे जातो, ही कल्पना कोणत्याही भुतापेक्षा भेदक आहे.

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात वाढलेल्यांना पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी नव्या नाहीत. त्या गोष्टींत धनाची राखण नाग करतो. इथे खुद्द लोभच धनावर बसला आहे. उत्तरार्धातील लावण्यवती विधवेचे उपकथानक मात्र काहीसे घाईने उरकल्यासारखे वाटते.

सोहम शाह यांनी विनायक साकारला असून, मोहम्मद समद या बालकलाकाराने मुलगा पांडुरंग आणि म्हातारी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.