ब्रेक नसलेल्या गाड्यांचा तह : ब्रिटिश स्पीडवेचा १९६५ चा मोसम

१/
एखाद्या खेळाचे दोन तट पडतात, दोघांच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू होतात, एक तट अधिकृत ठरतो आणि दुसरा बहिष्कृत. मग वर्षभरात दोघांनाही कळून चुकते की एकमेकांवाचून निभाव लागणार नाही. ब्रिटनमधील मोटारसायकल स्पीडवेच्या इतिहासात १९६४ आणि १९६५ ही दोन वर्षे अशी होती. त्या भांडणाची, तहाची आणि तहानंतरच्या पहिल्या विजेत्याची ही हकिगत.

२/
आधी खेळाची ओळख. स्पीडवे म्हणजे लंबवर्तुळाकार कच्च्या मार्गावरील मोटारसायकल शर्यत. चार स्वार, चार फेऱ्या आणि एका मिनिटाच्या आसपास निकाल. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला ब्रेक नसतो. वळण आले की स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, डावा पाय जमिनीला टेकवतो आणि गाडी आडवी नेत वळण पार करतो. डाव्या बुटाखाली त्यासाठी पोलादी तळवा बांधलेला असतो.

३/
साठच्या दशकात हा सांघिक खेळ पुढीलप्रमाणे चाले. प्रत्येक संघात सात स्वार आणि एका सामन्यात तेरा शर्यती. प्रत्येक शर्यतीत दोन स्वार यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. म्हणजे एका शर्यतीत ६ आणि पूर्ण सामन्यात ७८ गुण वाटले जात. ४० गुण झाले की सामना खिशात. एकटा तारा संघाला तारू शकत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवरच सामने फिरत.

४/
ब्रिटनमध्ये या खेळाचा जन्म सामान्यतः १९ फेब्रुवारी १९२८ हा मानला जातो. लंडनजवळच्या एपिंग जंगलातील हाय बीच येथे त्या दिवशी शर्यती झाल्या आणि अपेक्षेपलीकडे गर्दी लोटली. खेळ आला होता ऑस्ट्रेलियातून. त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये गोदीकामगारांच्या वस्तीलगत कस्टम हाऊस येथे वेस्ट हॅमचे स्टेडियम उघडले. पुढील कथेचे केंद्र हेच ठिकाण आहे.

५/
वेस्ट हॅमचा संघ ‘हॅमर्स’ या नावाने ओळखला जाई. १९३० च्या दशकात न्यूझीलंडचे जॉनी हॉस्किन्स त्याचे आयोजक होते. १९३७ मध्ये संघाने नॅशनल लीग जिंकली. १९३८ मध्ये याच संघाचा ऑस्ट्रेलियन स्वार ब्लूई विल्किन्सन जगज्जेता झाला. युद्धानंतर तर खेळाला उधाण आले. रेशनिंगच्या त्या करड्या दिवसांत संध्याकाळी दिव्यांच्या झोतात धूळ उडवणाऱ्या गाड्या ही कामगार कुटुंबांची परवडणारी चैन होती.

६/
ओहोटीही तितकीच वेगाने आली. करमणूक कराचा बोजा वाढला, घराघरांत टेलिव्हिजन आला आणि स्टेडियमे एकामागून एक बंद पडू लागली. वेस्ट हॅमने १९५५ च्या मोसमानंतर दार लावले. १९५७ मध्ये सर आर्थर एल्विन यांच्या निधनानंतर बलाढ्य वेम्बली संघही मैदानातून उठला. दशक संपताना नॅशनल लीगमध्ये जेमतेम नऊ-दहा संघ उरले होते.

७/
या पडझडीतून १९६० मध्ये प्रोव्हिन्शियल लीग उभी राहिली. माइक पार्कर, रेज फिअरमन यांच्यासारख्या तरुण आयोजकांनी ओस पडलेली मैदाने पुन्हा उघडली. मोठे तारे नव्हते, मोठे मानधन नव्हते. जुने निवृत्त स्वार आणि नवखी पोरे एकत्र करून संघ बांधले गेले. जमाखर्चाचा मेळ बसवूनच पाऊल टाकायचे, ही या लीगची खरी शिस्त होती. प्रेक्षक परतू लागले.

८/
इथेच ठिणगी पडली. १९६३ च्या अखेरीस साउदॅम्प्टनचे स्टेडियम बंद झाले आणि वरची नॅशनल लीग आणखी खंगली. आठ वर्षांनी वेस्ट हॅम पुन्हा उघडून एक जागा भरली गेली. तरीही संघ सातच. तेव्हा नियामक मंडळाने, म्हणजे स्पीडवे कंट्रोल बोर्डाने, प्रोव्हिन्शियल लीगच्या विजेत्या वुल्व्हरहॅम्प्टनने वरच्या लीगमध्ये यावे असा आग्रह धरला.

९/
वरवर पाहता हा सन्मान होता. बढती कोण नाकारील? पण आयोजकांच्या दृष्टीने ती शिक्षा होती. वरच्या लीगमध्ये स्वारांचे मानधन जास्त, प्रतिस्पर्धी मोजके आणि तेच तेच. ज्या लीगने क्लब जगवला तिच्यातून त्याला उपटून आजारी लीगमध्ये रोवायचे, असा तो व्यवहार होता. आज वुल्व्हरहॅम्प्टन गेले तर उद्या आपली पाळी, हे इतरांनी ओळखले. सर्वांनी मिळून नकार दिला.

१०/
मंडळाने परवाने रोखले. प्रोव्हिन्शियल लीगने १९६४ चा संपूर्ण मोसम परवान्याशिवाय खेळला. याची किंमत स्वारांनी मोजली, कारण बहिष्कृत लीगमधील स्वारांना जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे दरवाजे बंद झाले. भांडण कार्यालयातले आणि दंड मैदानावर उतरणाऱ्याला! तरीही लीग मोडली नाही. न्यूकॅसल विजेते ठरले. अधिकृत नॅशनल लीग ऑक्सफर्डने जिंकली. एकाच देशात दोन विजेते आणि दोघांमध्ये सामना होण्याची शक्यताच नाही.

११/
येथे प्रश्न केवळ एका क्लबचा नव्हता. खेळात वरची आणि खालची पायरी कोण ठरवणार? नियम करणारे की गल्ला सांभाळणारे? पायऱ्यांवर विसंबण्यात काय धोका असतो याचे उदाहरण स्पीडवेपाशीच होते. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जॅक यंग जगज्जेता झाला तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीतील एडिंबरा संघाचा स्वार होता. पुढच्या वर्षी वेस्ट हॅमकडून खेळताना त्याने ते पद राखले. माणूस तोच, फक्त पायरी बदलली होती.

१२/
अखेर चौकशी नेमली गेली आणि ती सोपवली लॉर्ड शॉक्रॉस यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग खटल्यात ब्रिटनचे मुख्य अभियोक्ता असलेले हे तेच हार्टले शॉक्रॉस. नाझी नेत्यांविरुद्ध उभा राहिलेला कायदेपंडित आता धुळीच्या शर्यतींचा तंटा सोडवत होता. या चौकशीच्या वाटेने खेळाच्या कारभाराची पुनर्रचना झाली, आयोजकांची एकच संघटना उभी राहिली आणि दोन्ही लीग विसर्जित होऊन १९६५ मध्ये एक ‘ब्रिटिश लीग’ जन्माला आली.

१३/
नव्या लीगमध्ये अठरा संघ होते. जुन्या वरच्या लीगमधून सहा : वेस्ट हॅम, विम्बल्डन, कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड, स्विंडन आणि बेल व्ह्यू. सातवा नॉर्विच तोवर बंद पडला होता. बाकीचे बारा कालपर्यंतच्या बहिष्कृत गोटातले : न्यूकॅसल, वुल्व्हरहॅम्प्टन, शेफील्ड, हॅलिफॅक्स, एडिंबरा, ग्लासगो, क्रॅडली हीथ, लाँग ईटन, हॅकनी, पूल, एक्झिटर, न्यूपोर्ट. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि बाहेर लढायचे. म्हणजे प्रत्येक संघाचे ३४ सामने.

१४/
आकड्यांकडे नीट पाहिले तर तहाचे स्वरूप दिसते. कागदावर दोन्ही लीग संपल्या. पण नव्या घरातील दोन-तृतीयांश बिऱ्हाडे बंडखोरांची होती. तथापि तारे बव्हंशी जुन्या सहा संघांकडे होते. ही विषमता दूर ठेवण्यासाठी स्वारांच्या वाटपाची पद्धत वापरली जाई. एक समिती बलाढ्य संघातील स्वार दुबळ्या संघाकडे धाडू शकत असे. प्रेक्षकांना ही पद्धत मुळीच आवडत नसे. पण निकाल आधीच ठाऊक असलेला सामना पाहायला कोणी तिकीट काढत नाही, हेही खरे होते.

१५/
पहिला मोसम गाजवला वेस्ट हॅमने. कर्णधार स्कॉटलंडचा केन मॅकिन्ले. ज्या वर्षी कस्टम हाऊसचे स्टेडियम उघडले त्याच १९२८ सालचा त्याचा जन्म. सोबत नॉर्वेचा बेधडक स्वेर हार्फेल्ट, नॉर्मन हंटर आणि विशीही न ओलांडलेला माल्कम सिमन्स. अनुभव, धाडस आणि कोवळेपण यांचे असे मिश्रण क्वचित जमते. दहा वर्षांपूर्वी ज्या संघाला कुलूप लागले होते, त्याने ब्रिटिश लीग, नॉकआउट करंडक आणि लंडन करंडक असे तिन्ही मान एकाच वर्षात पटकावले.

१६/
या आनंदाला काळी किनारही होती. याच मोसमात संघाचा ऑस्ट्रेलियन स्वार डेव्ह विल्स कस्टम हाऊसच्या मार्गावर झालेल्या अपघातात मृत्युमुखी पडला. चौघे स्वार हाताच्या अंतरावर आणि ब्रेक कोणाच्याही गाडीला नाही. एक पडला की मागच्याला टाळायला क्षणही पुरत नाही. तिहेरी विजयाच्या नोंदीशेजारी हे नावही वाचले गेले पाहिजे.

१७/
लीगबाहेरही ते वर्ष भरलेले होते. सप्टेंबरमध्ये वेम्बली येथे स्वीडनचा ब्यॉर्न क्नुटसन जगज्जेता झाला. दुसऱ्या स्थानी सोव्हिएत संघाचा इगॉर प्लेखानोव्ह. शीतयुद्धाच्या ऐन काळात लंडनचे प्रेक्षक रशियन स्वाराला दाद देत होते. लीगमधील अव्वल स्वारांची नवी वैयक्तिक स्पर्धा मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर झाली. ती स्विंडनच्या बॅरी ब्रिग्जने जिंकली आणि १९७० पर्यंत सलग सहा वेळा स्वतःकडे ठेवली.

१८/
मग तह यशस्वी झाला का? याचे उत्तर दुसऱ्या मोसमात मिळाले. १९६६ मध्ये लीग आणि नॉकआउट करंडक दोन्ही जिंकले हॅलिफॅक्सने. कालच्या बहिष्कृत गोटातून आलेल्या आणि रेज फिअरमन यांनी उभ्या केलेल्या संघाने! खालच्या पायरीवरचे म्हणून ज्यांना हिणवले जाई, ते बरोबरीच्या मैदानावर दोन वर्षांत शिखरावर पोहोचले. १९६४ च्या बंडाचे याहून मोठे समर्थन कोणते असू शकेल?

१९/
मात्र एकाच छत्राची मर्यादाही लवकर उघड झाली. सगळेच वरच्या श्रेणीत, मग नवख्याने शिकायचे कुठे? १९६८ मध्ये ब्रिटिश लीगला दुसरी श्रेणी जोडावी लागली. पायऱ्या परत आल्या. फरक एवढाच की या वेळी खालची पायरी शिकण्यासाठी बांधली गेली होती, कोणाला बळाने वर ओढण्यासाठी नाही. खेळ सावरला आणि सत्तरच्या दशकात ब्रिटिश लीग जगातील उत्तमोत्तम स्वारांचे घर ठरली.

२०/
पहिल्या विजेत्याच्या नशिबी मात्र हे भाग्य नव्हते. १९६६ मध्ये जागतिक उपविजेता ठरलेला हार्फेल्ट १९६८ मध्ये गंभीर जखमी झाला. १४ जुलै १९७० रोजी युरोपच्या दौऱ्यावरून परतताना बेल्जियममधील लोकेरेन येथे संघाच्या वाहनाला भीषण अपघात झाला. त्यात चार स्वार आणि व्यवस्थापक फिल बिशप यांचा अंत झाला. बिशप हे हाय बीचच्या पहिल्या पिढीतले स्वार. वारंवार पडून पुन्हा उभे राहण्यामुळे लोक त्यांना ‘किंग ऑफ क्रॅश’ म्हणत. मार्गाने ज्यांना चाळीस वर्षे सोडून दिले त्यांना रस्त्याने गाठले.

२१/
१९७१ नंतर वेस्ट हॅम स्पीडवे संघ बंद झाला. १९७२ मध्ये कस्टम हाऊसचे दिवे कायमचे विझले, स्टेडियम पाडले गेले आणि तिथे घरे उभी राहिली. ज्या लीगची पहिली ओळ या संघाने लिहिली, तिच्या भरभराटीच्या वर्षांत तो नव्हता.

२२/
इतिहासात तहांची नोंद बहुधा सह्या करणाऱ्यांच्या नावे होते. १९६५ च्या या तहाची खूण वेगळ्या जागी सापडते. कस्टम हाऊसच्या त्या जागेवरील वस्तीत आज विल्किन्सन रोड आहे, ॲटकिन्सन रोड आहे, हॉस्किन्स क्लोज आहे. पत्ता सांगताना रहिवासी रोज ही नावे उच्चारतात. ती ज्यांची आहेत त्यांपैकी स्वार तिथेच, त्याच मातीवर, ब्रेक नसलेल्या गाड्या आडव्या घालत वळत असत.